सगळ्यांचं येऊ दे, मग सुरू करू

ठाण्यात कोलशेतच्या बाजूला जपानी नूडल्सचं हॉटेल उघडलंय, ही बातमी मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळली आणि मी पोळीचा घास हातात तसाच धरून लेकीला फोन लावला. "अगं, जपान आलं! रिक्षाच्या अंतरावर आलं!" ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे." मी म्हटलं, "असू दे मीटिंग. रविवारी सगळ्यांनी जायचं. आजीनेसुद्धा." स्टाफरूममधल्या बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना आता माझी सवय झाली आहे.

मी भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर जपानचा नकाशा काढते, पुस्तकात न बघता. होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. भूकंप का होतात, ज्वालामुखी कुठे आहेत, एवढ्याशा जमिनीवर एवढी माणसं कशी राहतात. मुलांना कंटाळा येतो, मला अजून येत नाही. मी स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. हौसेने पासपोर्ट काढलाय, तो कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून आहे. आणि अशा माझ्या पोटच्या पोरीला जपानमध्ये नोकरी लागली होती! खरीखुरी नोकरी, नागोयाच्या जवळ, मशीनच्या डिझाइनची. त्यासाठी ती दोन वर्षं दर रविवारी सकाळी वर्तकनगरहून डोंबिवलीला जाऊन जपानी शिकली होती. नोकरीचा मेल आला त्या दिवशी मी घरभर नाचले. सासूबाईंना हाताला धरून फुगडी घालायला उभं केलं. त्यांच्या गुडघ्यांमुळे ती अर्धीच झाली, पण झाली.

नवरा तेवढा नाचला नाही. तो वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर आहे, माणूस सरळ, बोलणं मोजकं. तो 'नाही' म्हणाला नाही. त्याने फक्त एक प्रश्न धरला आणि तो सोडलाच नाही. "ते सगळं ठीक आहे, पण ही तिथे खाणार काय?"

प्रश्न अगदीच चुकीचा होता असं नाही. आमची लेक खाण्याच्या बाबतीत जगात नंबर एकची चोखंदळ. लग्नाच्या जेवणावळीतून येते आणि घरी वरणभातावर लिंबू पिळून जेवते. कॉलेजच्या सहलीला महाबळेश्वरला गेलेली तर घरून नेलेल्या दशम्यांवर तीन दिवस काढले. तरीही मला राग यायचा. जपानमध्ये काय माणसं उपाशी राहतात? पण लेक बापाची लाडकी, आणि बापाइतकीच हट्टी. ती म्हणाली, "बाबांनी मनापासून हो म्हटलं तरच मी जाणार. नाइलाजाने म्हटलेलं मला नको." कंपनीला महिनाअखेरीच्या आत कळवायचं होतं. म्हणजे बघा, माझ्या लेकीचं जपान एका प्रश्नावर अडकलं होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आता कोलशेतला उघडलं होतं. मला आनंद होणार नाही तर काय!

रविवारी नवरा आणि लेक स्कूटरवरून, मी आणि सासूबाई रिक्षाने, अशी आमची वरात निघाली. मी ठेवणीतली सिल्कची साडी नेसले होते. लेक म्हणाली, "आई, नूडल्स खायला चाललोय." मी म्हटलं, "परदेशात चाललोय."

दारात लाल कागदी कंदील, आत लाकडी बाकं, भिंतीवर एका मोठ्या लाटेचं चित्र. आम्ही पाऊल टाकलं आणि आतली सगळी पोरं एकसुरात कायतरी मोठ्याने ओरडली. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "काय झालं गं? मारामारी झाली का?" लेक हसत म्हणाली, "आजी, ते या, या म्हणतायत." हे कळल्यावर सासूबाईंनी प्रत्येकाला वेगवेगळा नमस्कार केला, अगदी भटारखान्याच्या खिडकीकडे वळूनसुद्धा. लेक ऑर्डर घ्यायला आलेल्या पोराशी कमरेत किंचित वाकून जपानीत दोन वाक्यं बोलली. काय गोड बोलली! माझ्या अंगावर काटा आला. तो पोरगा गोंधळून म्हणाला, "मॅडम, हिंदी में बोलो ना."

मेन्यू बघून माझा पहिला फुगा फुटला. रामेन म्हणजे त्यांचं गरम सूप, त्यात नूडल्स आणि वर काय काय. ते ठीक. पण इथे शेजवान रामेन होतं, पनीर टिक्का रामेन होतं, एक जैन रामेनही होतं. "हे जपानला माहीत आहे का?" असं मी त्या पोराला विचारलं. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. शेवटी लेकीने आमच्या तिघांसाठी चिकनचं साधं रामेन सांगितलं आणि सासूबाईंसाठी मशरूमचं. बाहेरच्या चिकनवर त्यांचा विश्वास नाही, मासळी असती तर विचार केला असता.

पहिला वाडगा आला तो सासूबाईंचा. वाफ कशी वर जात होती! काचेसारखं सूप, खाली पिवळसर नूडल्स, वर कांद्याची पात, मक्याचे दाणे आणि काळ्या कागदासारखा समुद्री शेवाळाचा एक तुकडा. आम्ही चौघंही त्यावर वाकलो. सासूबाईंनी देवाला करावा तसा त्याला नमस्कार केला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

"आजी, हे लगेच खायचं असतं," लेक म्हणाली. "आमचे सर सांगायचे, नूडल्स थांबत नाहीत."

"नूडल्स नाही थांबत तर नाही थांबत," सासूबाई म्हणाल्या. "माणसं थांबतात. सगळ्यांचं येऊ दे, मग सुरू करू."

आता इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एकच नियम आहे आणि तो सासूबाईंचा आहे. सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय आणि सगळे बसल्याशिवाय पहिला घास कोणी घ्यायचा नाही. सगळे म्हणजे वाढणारीसुद्धा. सासूबाई देवगडच्या बाजूच्या मोठ्या खटल्यात वाढल्या. तिथे आधी पुरुष, मग मुलं, आणि मग बायका बसायच्या, तोपर्यंत भात गार आणि कालवण तळाला गेलेलं. लग्न होऊन ठाण्याला आल्यावर, स्वतःची चूल मांडल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की माझ्या घरात हे नाही. मी या घरात नवी आले तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आले, तर सासरे, नवरा, दीर, सासूबाई, सगळे भरल्या पानासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. मला वाटलं काही चुकलं. सासूबाई म्हणाल्या, "तू बस की. तुझ्यासाठीच थांबलोय." माझ्या माहेरी माझ्या आईसाठी असं कोणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी भरल्या डोळ्यांनी जेवले आणि त्या घरची झाले. तर या नियमाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

म्हणून आम्ही थांबलो. दुसरा वाडगा आला, आम्ही थांबलो. तिसरा यायला बराच वेळ लागला, तेवढ्यात मी वाडग्यांचे, कंदिलांचे, लेकीचे, लाटेच्या चित्रासमोर सासूबाईंचे फोटो काढले. चौथा, म्हणजे माझा, आला तेव्हा सासूबाईंच्या वाडग्यातलं सूप जवळपास गायब झालं होतं. नूडल्सनी ते पिऊन टाकलं होतं आणि त्या अशा टम्म फुगल्या होत्या की जेवायच्या लाकडी काड्यांनी उचलायला गेलं की तुटायच्या. नवऱ्याने आपल्या वाडग्यातल्या अंड्यात काडी खुपसली, आतला बलक पातळ निघाला. "कच्चं आहे," त्याने पोराला सांगितलं, "उकडून आण." लेक म्हणत होती, बाबा, ते तसंच असतं, तोवर अंडं आत गेलंसुद्धा. ते परत आलं ते चेंडूसारखं. सूप कोमट आणि खारट. लेकीने चार घास खाल्ले आणि काड्या नीट जोडून ठेवल्या. बापाने ते पाहिलं.

"म्हणजे हे खाऊन राहणार ही तिथे," तो म्हणाला. तो खवचटपणे बोलला नाही, खरोखर काळजीने बोलला, म्हणून मला जास्तच राग आला. आणि तो राग काढायला समोर मॅनेजर होता. काळ्या टी-शर्टमधला तरुण मुलगा. मी त्याला बोलावून झापलं. माझं हिंदी चिडल्यावर आणखी मराठी होतं. "हमारे यहाँ सबका एकदम वाढते हैं! एक का आया, एक का नहीं आया, ऐसे कैसे जेवने का?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, जैसे बनता है वैसे भेजते हैं. गरम खाने का होता है." मी म्हटलं, गरम होतंच कुठे!

पण मी अशी हरणारी नाही. रिक्षात बसता बसताच मला सुचलं, पार्सल! हॉटेलचा प्रश्नच मिटला. घरी आपल्या वेळेला, आपल्या टेबलावर, सगळ्यांचं एकदम. बुधवारी शाळेतून आल्या आल्या मी ऑर्डर केली. काय सुबक पॅकिंग होतं! सूप वेगळं, नूडल्स वेगळ्या, अंडी छोट्या डबीत, पात एवढ्याशा पुडीत. मी हरखून गेले. डब्यावर लिहिलं होतं की खायच्या वेळी एकत्र करा. खायची वेळ जवळ आलीच होती. नवरा निघालाच असेल, लेक पोचेलच, म्हणून मी सगळं एकत्र करून मोठ्या कॅसरोलमध्ये भरलं, म्हणजे गरम राहील आणि सगळे बसले की एकदम वाढता येईल. झाकण घट्ट लावलं. वरून टॉवेल गुंडाळला. माझ्या हुशारीवर मीच खूश!

वागळे इस्टेटमध्ये नेमकं त्याच दिवशी एक मशीन बंद पडलं. नवरा आला, त्याने आंघोळ केली, सासूबाईंचं देवापाशी दिवा लावणं झालं, सगळे बसले. मी टॉवेल सोडला, झाकण उघडलं. आत सुपाचा थेंब नव्हता. कॅसरोलच्या आकाराचा एक गोळा होता, अळूवडीच्या उंड्यासारखा, आणि त्यात मी डाव घातला तर डाव उभा राहिला. मला उलथन्याने वड्या पाडून वाढावं लागलं. नवऱ्याने एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाला, "आमच्या पॅकिंगला खळ लागते, ती अशीच असते." लेकीने वरणभात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्या गोळ्याला मोहरी, कढीपत्ता, हिरव्या मिरचीची खमंग फोडणी दिली, वर खोबरं घातलं आणि खरं सांगते, इतका वेळ आम्ही जे जे जपानी खाल्लं त्यात तेच सगळ्यात चांगलं लागलं. नवऱ्याने डब्यात नेलं. संध्याकाळी रिकामा डबा परत देत म्हणाला, "हे बरं होतं." माझा चेहरा उजळतोय तोवर पुढचं आलंच. "पण तिथे हिला फोडणी कोण देणार?"

त्या शनिवारी गॅलरीत मी कपडे वाळत घालत होते आणि लेक मला चिमटे देत होती. देता देता म्हणाली, "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवू का?" मी हातातला चादरीचा पिळा तसाच बादलीत टाकला. "अजिबात नाही!" "अगं पण बाबा..." "बाबांचं मी बघते. तुझा जीव काय म्हणतोय ते सांग." ती खाली रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मला जायचंय आई. खूप जायचंय." ते ज्या आवाजात बोलली तो मी तिचा बारावीच्या निकालाच्या दिवशी ऐकला होता. मी म्हटलं, झालं तर. उद्या परत कोलशेत.

सोमवारी तिला कंपनीला उत्तर द्यायचं होतं, म्हणजे हा शेवटचा रविवार. मी आदल्या दिवशीच हॉटेलात फोन करून त्या मॅनेजरला बजावलं की चारही वाडगे एकदम टेबलावर आले पाहिजेत, एक पुढे नाही, एक मागे नाही. "मॅडम, पक्का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पक्का. नवरा यायला तयार नव्हता. "दोनदा खाल्लं की. आता काय वेगळं होणार आहे?" मी म्हटलं, "तिसऱ्यांदा खाल. लेकीसाठी काय चार घास जड झाले?" त्यावर तो उठला आणि शर्ट बदलला.

आम्ही बसलो. पोरं ओरडली, सासूबाईंनी नमस्कार केले. आणि खरंच, ट्रेमध्ये चारही वाडगे एकदम आले! मी टाळ्या वाजवल्या. पण वाडगा पुढ्यात आला आणि मी बघतच राहिले. वाफ नाही. सूप अर्धं. चारही वाडग्यांतल्या नूडल्स टम्म फुगलेल्या, सासूबाईंच्या सगळ्यात जास्त. मी बाकावरून उठून उभी राहिले. मॅनेजर आला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मॅडम, आपने ही बोला था एक साथ. पहला वाला अंदर खड़ा रहा चौथे के लिए."

मी होते तशी परत बाकावर बसले. असं फार क्वचित होतं. लेक खाली मान घालून हसत होती, की रडत होती, मला कळेना. तो मुलगा मात्र चांगला निघाला. त्याने चारही वाडगे उचलले आणि म्हणाला, परत बनवून देतो, पण आता बनेल तसं येईल.

आम्ही बसून राहिलो. नवरा भिंतीवरच्या लाटेकडे बघत होता. मग पहिला वाडगा आला, चिकनचा. वाफ भसाभसा वर येत होती. पोराने सवयीने तो सगळ्यात मोठ्या माणसापुढे, म्हणजे सासूबाईंपुढे ठेवला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तो टेबलावरून सरकवत सरकवत नातीच्या पुढ्यात नेला.

"खा," त्या म्हणाल्या.

लेकीने आमच्या तिघांच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागांकडे पाहिलं. "आजी, सगळ्यांचं येऊ दे ना."

"नको थांबूस. तिथे कोण येणार आहे तुझ्याबरोबर पानावर? कामावरून येशील, एकटी बसशील. तेव्हा कोणासाठी थांबणार? इथेच सवय कर बाई. आमच्यासमोर कर."

सासूबाईंनी आयुष्यभर जो नियम सांभाळला, ज्या नियमाने मी त्या घरची झाले, तो त्यांनीच स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता. मला तोपर्यंत विमान दिसत होतं, चेरीची झाडं दिसत होती, लेकीचं नाव लिहिलेलं ऑफिसातलं टेबल दिसत होतं. एका खोलीत एकच वाडगा घेऊन बसलेली माझी मुलगी मला दिसली नव्हती. ती आता समोर दिसत होती.

लेकीने काड्या उचलल्या. आधी घाबरत एक घास घेतला, मग दुसरा. मग तिने वाकून, डोंबिवलीच्या क्लासमध्ये शिकवलं होतं तसा, मोठा सुर्र आवाज करत नूडल्स ओढल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. तिचं नाक लाल झालं, कपाळावर घाम आला. तिने अंडं आख्खं तोंडात घातलं. आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून तिला खाताना बघत होतो. आमच्या घरातलं माणूस आमच्यासमोर एकटं जेवतंय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. सूप अजूनही खारटच असणार, त्यात फार काही फरक पडला नसणार. पण तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटचा घोटसुद्धा पिऊन खाली ठेवला.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "पण बाबा, नूडल्स मस्त आहेत. मी खाऊ शकते."

नवरा तिच्या रिकाम्या वाडग्याकडे बघत होता. "मला जेवणाचं एवढं नव्हतं गं," तो म्हणाला. "आजी आत्ता बोलली ना, ते होतं. तू दमून येशील, कुलूप उघडशील, दिवा लावशील आणि एकटी बसशील. रोज तेच यायचं डोळ्यासमोर. पण ते कसं बोलायचं? म्हणून आपलं जेवणाचं बोलायचो." मग त्याने घसा साफ केला. "उद्या कशाला, आत्ताच कळव त्यांना. हो म्हणून कळव. मी मनापासून सांगतोय."

लेक उठली आणि टेबलाला वळसा घालून बापाच्या गळ्यात पडली. मी ओरडले. खरंच ओरडले, त्या हॉटेलातल्या पोरांपेक्षा मोठ्याने. ती पोरं दचकली आणि काय समजली कोण जाणे, त्यांनी सगळ्यांनी मिळून परत त्यांची ती स्वागताची आरोळी दिली. सासूबाई म्हणाल्या, "आता काय झालं?" आणि पुन्हा नमस्कार केला. तेवढ्यात नवऱ्याचा वाडगा आला आणि तो लगेच खायला लागला. मग सासूबाईंचा आला, त्यांनीही एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने चमचा धरला. माझा सगळ्यात शेवटी आला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नूडल्स चटका बसेल इतक्या गरम होत्या. खारट होत्या, पण चांगल्या होत्या. मी नाक ओढत ओढत सगळ्या संपवल्या.

लेक गेली त्याला आता वर्ष होत आलं. माझा उत्साह काही कमी झालेला नाही. ती फोनवर आली की मी आधी विचारते, जमीन हलली का? डोंगरावर बर्फ आहे का? ती मला खिडकीतून डोंगर दाखवते आणि मी तो सोमवारी वर्गात फळ्यावर काढते. मुलं म्हणतात, बाई, तुम्ही कधी जाणार? मी म्हणते, पासपोर्ट तयार आहे. हे खरंच आहे, आता तो साड्यांच्या खाली नसतो, वरच्या खणात असतो.

तिकडे रात्रीचे आठ म्हणजे इकडे दुपारचे साडेचार. म्हणून रविवारी आम्ही साडेचारलाच टेबलावर बसतो. आमचे पोहे किंवा थालीपीठ, तिचा रामेनचा वाडगा, ती आता स्वतः बनवते. मागच्या रविवारी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तिचा वाडगा कॅमेऱ्यासमोर होता आणि त्यातून वाफ येत होती. नवरा बसला, मी बसले. सासूबाईंचे गुडघे हल्ली फार दुखतात, त्या आतल्या खोलीतून भिंत धरत हळूहळू येत होत्या.

"अगं तू खा," मी म्हटलं. "फुगतील तुझ्या नूडल्स."

"फुगू देत," ती म्हणाली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

नवऱ्याने हातातला चमचा खाली ठेवला. फोनमधली वाफ हळूहळू कमी झाली आणि मग दिसेनाशी झाली. सासूबाई टेबलापर्यंत आल्या, खुर्चीला धरून टेकल्या, पदर नीट केला आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "आले गं बाई. हं, करा सुरू."